उरलेले दोन ठिपके

फळ्याच्या मधोमध इंग्रजी 'एन' हे मोठं अक्षर काढायचं. नायट्रोजनच्या सर्वांत बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन, म्हणून अक्षराभोवती पाच ठिपके: डावीकडे एक, उजवीकडे एक, खाली एक आणि वर दोन, अगदी शेजारी शेजारी. मग तीन बाजूंना तीन 'एच' मांडायचे, प्रत्येक जण आपला एकेक ठिपका घेऊन आलेला. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचा एक, अशा तीन जोड्या जमल्या की अमोनियाचा रेणू पुरा झाला. मी खडू खाली ठेवत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, बाकीचे सगळे कामाला लागले. वरचे दोन उरले, त्यांचं काय?"

"ते बंधात भाग घेत नाहीत," असं सांगून मी पुढे गेलो. त्यानंतर तीसेक वर्षं हेच चित्र काढत राहिलो आणि काढता काढता माझं मत पक्कं होत गेलं, की या सबंध चित्रलिपीचं मोल त्या उरलेल्या दोन ठिपक्यांत आहे. जे घडलं ते दाखवणारी चित्रं रसायनशास्त्रात आधीही होती. जे अजून घडायचं आहे ते याच चित्राने पहिल्यांदा कागदावर आणलं.

ही लिपी गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना त्याने 'द ॲटम अँड द मॉलिक्यूल' हा निबंध लिहिला आणि १९१६ साली तो अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. दोन अणूंना बांधणारे दोन इलेक्ट्रॉन दाखवायचे तर दोन अक्षरांच्या मध्ये दोन ठिपके द्यावेत, असं त्याने त्यात सुचवलं. म्हणजे छापखान्यात असतो तो कोलन. त्यासाठी नवा खिळा पाडायला नको, वेगळा ठसा कोरायला नको. खिळे जुळवणाऱ्याच्या हाताशी रोज असलेलं चिन्ह त्याने उचललं आणि अणूंच्या मध्ये बसवलं. मराठीत या चिन्हाला आपण अपूर्णविराम म्हणतो. वाक्य इथे थांबलेलं नाही, पुढचं मागच्याला जोडलेलं आहे, असं सांगणारं हे चिन्ह. हायड्रोजनच्या रेणूसाठी 'एच : एच' असं लिहिलं की त्या दोन ठिपक्यांवर दोन्ही अक्षरांचा सारखाच हक्क असतो. ते मधले दोन ना याचे, ना त्याचे. सहसंयुज बंध म्हणजे काय, हे याहून कमी शाईत सांगता येईल असं मला वाटत नाही.

आता अक्षर पाहू, कारण ठिपक्यांच्या कौतुकात अक्षराकडे दुर्लक्ष होतं. 'एन' हे अक्षर नायट्रोजनच्या अणूचं नाव नाही. केंद्रक आणि आतल्या कवचातले दोन इलेक्ट्रॉन, एवढं सगळं त्या अक्षरात मिटवून ठेवलेलं आहे. ल्यूइसने या आतल्या भागाला 'कर्नल' म्हणजे गर असा शब्द वापरला होता. आयोडीनमध्ये ५३ इलेक्ट्रॉन असतात, त्यातले ४६ अक्षराखाली जातात आणि बाहेर दिसतात ते फक्त ७. सोडियमचे ११ पैकी १० झाकले जातात, पोटॅशियमचे १९ पैकी १८, आणि दोघांच्याही अक्षरापाशी एकेकच ठिपका राहतो. वजन वेगळं, आकार वेगळा, तरी चित्र सारखंच. पाण्यात टाकलं की दोघांचं वागणंही एका घराण्यातलं: सोडियमचा तुकडा वितळून गोळी होतो आणि सूं सूं करत पृष्ठभागावर धावत सुटतो, पोटॅशियम तर धावता धावता जांभळट ज्योतीने पेटतो. चित्र काढणाऱ्याने काय वगळलं ते बरोबर वगळलं, याचा हा पुरावा. रसायनशास्त्रात अणूची ओळख त्याच्या ओसरीवर कोण बसलंय यावरून होते, माजघरात किती माणसं आहेत यावरून नाही.

ठिपके मांडण्याची पद्धत शिकवायला दोन मिनिटं लागतात. अक्षराच्या चार बाजू धरायच्या, आधी प्रत्येक बाजूला एकेक ठिपका द्यायचा आणि मगच दुसरी फेरी सुरू करायची. एवढ्या नियमाने आवर्तसारणीतली दुसरी ओळ लिहून पाहावी. लिथियमला एक ठिपका, बेरिलियमला दोन, बोरॉनला तीन, कार्बनला चार. इथपर्यंत सगळे एकटे. नायट्रोजनला पाचवा ठिपका येतो तो कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसतो, म्हणून एकटे उरतात तीन. ऑक्सिजनला दोन, फ्लोरीनला एक, आणि निऑनला एकही नाही, चारी बाजूंना जोड्या. एकट्या ठिपक्यांची संख्या मोठ्याने वाचावी: एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक, शून्य. हा आरोह-अवरोह आहे आणि त्याच्या माथ्यावर कार्बन बसलेला आहे. आपलं शरीर, लाकूड, साखर, रॉकेल, कापूस हे सगळं कार्बनच्या संयुगांचं का, याचं एक मोठं कारण या आठ आकड्यांच्या चढउतारात दिसतं. हात पुढे करायला चार बाजू मोकळ्या असलेला या ओळीत तो एकटाच. संयुजेचे हे आकडे मुलं पाठ करतात. ठिपके काढले तर पाठ करायला काही उरतच नाही.

इथे एक आडवाट घेतो. पंडित भातखंड्यांच्या स्वरलिपीतही अक्षराला ठिपका लागतो: खाली असला तर स्वर मंद्र सप्तकातला, वर असला तर तार सप्तकातला. तिथे ठिपक्याची जागा हाच अर्थ असतो. ल्यूइसच्या लिपीत जागेला तसा अर्थ नाही. अमोनियाची उरलेली जोडी वर काढा, खाली काढा किंवा डावीकडे, रेणू तोच. अर्थ आहे तो संख्येला आणि एकटं की जोडीने, या भेदाला. हे ध्यानात न घेतल्याने वरचे ठिपके खालच्या ठिपक्यांपेक्षा निराळे आहेत असं मानून बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. आणखी एक गोष्ट मला नेहमी जाणवते. मूलद्रव्यांच्या खुणा देवनागरीत असत्या तर ही लिपी आपल्याकडे अडखळली असती. 'न'च्या डोक्यावर ठिपका दिला की तो 'नं' झाला. आपल्या अक्षरांवर अनुस्वाराची मालकी आधीपासून आहे. रोमन मोठ्या अक्षरांच्या भोवतीची जागा मोकळी होती, ती ल्यूइसच्या कामी आली.

ठिपक्यांच्या आधी रेषा आली होती. १८५८ मध्ये आर्चिबाल्ड कूपरने अणूंच्या खुणा रेघांनी जोडून दाखवल्या. १८६४ मध्ये अलेक्झांडर क्रम ब्राउनने अक्षरांभोवती वर्तुळं काढून त्यांच्यामध्ये रेषा ओढल्या. कार्बनला चार रेषा, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक, हे गणित तेव्हापासून पक्कं होतं आणि त्याच्या जोरावर सेंद्रिय रसायनशास्त्राचा डोलारा उभा राहिला. पण रेषा कशाची, हे सांगता येत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये लावला, म्हणजे रेषा पस्तीस-चाळीस वर्षांची झाल्यावर. आपल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपके पडतात आणि मग त्यांच्यातून रेषा फिरते. रसायनशास्त्राची रांगोळी उलटी निघाली: रेषा आधी काढून झाल्या आणि त्या कोणत्या ठिपक्यांना जोडतात ते ५८ वर्षांनी कळलं. एक रेषा म्हणजे दोन ठिपके. ल्यूइसने जुन्या रेषा पुसल्या नाहीत, त्यांच्याखालचे ठिपके दाखवले.

त्याला ते सुचलं तेही वर्गासाठी. १९०२ मध्ये हार्वर्डला शिकवताना त्याने अणू म्हणजे घन, आणि घनाच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन, अशी चित्रं कागदावर रेखाटली होती. ती त्याने लगेच छापली नाहीत. १४ वर्षांनी निबंध आला तेव्हा घन होतेच. दोन घनांनी एक कडा वाटून घेतली की एकेरी बंध, अख्खी बाजू वाटून घेतली की दुहेरी. पण तिहेरी बंध घनांनी करून दाखवता येत नाही, तशी भूमितीच नाही. म्हणून त्याच निबंधात त्याने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या केल्या आणि चार जोड्या चतुष्फलकाच्या चार टोकांकडे नेल्या. घन पुढे मागे पडला. ठिपके मात्र राहिले, कारण ते अणूच्या आकाराबद्दल कसलाच दावा करत नव्हते. आपलं मॉडेल मोडलं तरी लिपी तगेल इतकं कमी बोलणारी लिपी बनवायची, ही कमाई फार थोड्यांच्या वाट्याला येते.

शाळेत या सगळ्याला अष्टकाचा नियम म्हणून शिकवतात: आठ झाले की अणू स्थिर. 'अष्टक' हे नाव रूढ केलं अर्व्हिंग लँगम्यूरने, १९१९ च्या सुमारास. 'सहसंयुज' ज्याचं भाषांतर आहे तो शब्दही त्याचाच. त्याने ही कल्पना दूरवर पोचवली, हे मान्यच केलं पाहिजे. पण ल्यूइसचा स्वतःचा जीव आठाच्या आकड्यात नव्हता, दोनाच्या आकड्यात होता. १९२३ च्या पुस्तकात त्याने आठाच्या नियमापेक्षा दोनाचा नियम जास्त मूलभूत असल्याचं मांडलं आहे. मला हा त्याच्या बुद्धीचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. दोन इलेक्ट्रॉन, दोघांवरही ऋण प्रभार, दोघंही एकमेकांना दूर ढकलणार, आणि हा माणूस म्हणतो की ते जोडीने राहतात. याला १९१६ मध्ये काहीही सैद्धांतिक आधार नव्हता. इलेक्ट्रॉनच्या फिरकीची कल्पना आणि पाउलीचा नियम आले १९२५ मध्ये. हायड्रोजनच्या दोन अणूंना दोन इलेक्ट्रॉन का बांधून ठेवतात ते हाइटलर आणि लंडन यांनी १९२७ मध्ये गणिताने दाखवलं. तोवर ११ वर्षं ते दोन ठिपके कागदावर नुसते शेजारी बसून होते. ल्यूइसने ढीगभर संयुगं पाहिली, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची बेरीज सम येते हे पाहिलं आणि निसर्गाचं म्हणणं तसंच्या तसं उतरवून घेतलं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. अमोनियाच्या डोक्यावरच्या जोडीला इंग्रजी नावावरून 'एकाकी जोडी' म्हणतात. हे नाव मला कधी पटलं नाही. जोडी आहे तर एकाकी कशी? आणि ती स्वस्थ तर मुळीच बसत नाही. अमोनियाच्या द्रावणाची बाटली आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली, दोन्हींची बुचं काढून तोंडं जवळ आणली की मधल्या हवेत दाट पांढरा धूर तयार होतो. दोन्हीकडून न दिसणारे वायू येतात आणि जिथे भेटतात तिथे पांढरी भुकटी तरंगते. चित्रात काय झालं? आम्लातला हायड्रोजन आपला ठिपका क्लोरीनकडे ठेवून आला, त्याच्यापाशी स्वतःचं काहीच नाही. अमोनियाने वरची जोडी पुढे केली आणि तो तिथे बसला. नायट्रोजनच्या चारी बाजूंना आता हायड्रोजन आहेत आणि चारही बंध सारखे. चौथ्या बंधातले दोन्ही ठिपके नायट्रोजनचे होते हे आता कुणालाही ओळखता येणार नाही.

ही भुकटी म्हणजे नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने पुसतो तेव्हा जो पांढरा लोट उठतो तो आमच्या पिढीने दारात बसून पाहिलेला आहे. उष्णतेने नवसागर पुन्हा दोन वायूंत फुटतो. आम्लाचा वायू भांड्यावरचा काळा थर खातो, धातू उघडा पडतो आणि त्यावर कथील झरझर पसरतं. कामी न आलेले वायू वर थंड हवेत एकमेकांना परत भेटतात, तोच तो धूर. म्हणजे पातेल्याच्या बुडाशी ती जोडी मोकळी होत होती आणि हातभर उंचीवर पुन्हा कामाला लागत होती. रेषांच्या चित्रात अमोनिया म्हणजे तीन रेषा, हिशेब पूर्ण, पुढे काही घडण्याचं कारणच नाही. चौथा हायड्रोजन कुठे बसला याचं उत्तर द्यायला ते वरचे दोन ठिपके काढलेले असावे लागतात. पुढे १९२३ मध्ये ल्यूइसने आम्ल आणि आम्लारी यांची व्याख्याच या जोडीवर बेतली: जोडी देतं ते आम्लारी, घेतं ते आम्ल.

पाण्यात तर अशा दोन जोड्या आहेत. ऑक्सिजनच्या सहा ठिपक्यांतले दोन हायड्रोजनांशी जुळले, चार उरले. या जोड्या दिसत नसल्या तरी जागा व्यापतात, शेजाऱ्यांना रेटतात. मिथेनमध्ये उरलेलं कुणीच नाही, तिथे दोन बंधांमधला कोन साधारण १०९.५ अंश. अमोनियात एक जोडी, कोन सुमारे १०७. पाण्यात दोन जोड्या, कोन १०४.५. पाण्याचा रेणू वाकलेला आहे म्हणून त्याची एक बाजू थोडी ऋण, दुसरी थोडी धन, म्हणून मीठ त्यात विरघळतं, म्हणून ते साध्या तापमानाला द्रव राहतं. या चार ठिपक्यांवर किती जग उभं आहे!

मात्र हाच कोन चित्रात दिसत नाही, हेही सांगायला हवं. पाणी लिहिताना बहुतेक जण 'एच', 'ओ', 'एच' एका ओळीत मांडतात आणि मुलाच्या मनात पाणी सरळ रेषेत जाऊन बसतं. ठिपके मोजायला शिकवतात, आकार शिकवत नाहीत. आकार आपण त्या मोजणीवरून काढायचा. तशीच शाळेच्या पुस्तकांतली ठिपका आणि फुलीची पद्धत. एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी, दुसऱ्याचे फुल्यांनी. पहिल्या आठवड्यात तिचा उपयोग होतो, कुणाकडून किती आले ते समजतं. पण मी ती लवकरात लवकर सोडायला लावायचो. इलेक्ट्रॉनवर मालकाचं नाव कोरलेलं नसतं, आणि एकदा जोडी झाली की कोण कुठून आला हा प्रश्नच उरत नाही. ओझोनसारख्या रेणूंत तर एक चित्र पुरतच नाही, दोन काढावी लागतात आणि खरं रूप दोन्हींच्या मधलं असतं.

सर्वांत मोठी हार होते ती ज्यावर आपण जगतो त्या वायूपाशी. ऑक्सिजनचा रेणू ठिपक्यांनी लिहावा: मध्ये दोन जोड्या, दोन्हीकडे दोन दोन जोड्या, एकूण १२ ठिपके, एकही एकटा नाही. इतकं नीटस चित्र क्वचित जमतं. आणि ते चुकीचं आहे. ज्याच्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात तो पदार्थ चुंबकाकडे ओढला जात नाही. द्रवरूप ऑक्सिजन, फिकट निळा, चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मध्ये ओतला की तिथेच अडकून लोंबतो. जेम्स ड्यूअरने हे १८९१ मध्येच पाहिलं होतं. म्हणजे त्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे आहेत, आणि लिपीला ते सांगता येत नाही. ल्यूइसलाही हे टोचत होतं. १९२४ मध्ये त्याने ऑक्सिजनच्या चुंबकत्वावर वेगळा निबंध लिहिला. खरा उलगडा १९२९ मध्ये लेनार्ड-जोन्सने केला, तो वेगळ्याच भाषेत: इलेक्ट्रॉन दोन अणूंच्या मध्ये न बसवता सबंध रेणूभर पसरवून. मी हे वर्गात लपवलं नाही. ज्या चित्रावर आपलं प्रेम आहे त्याची मर्यादा आपणच दाखवावी.

पण काही ठिकाणी एकटा ठिपका लपत नाही, आणि तिथे ही लिपी पुन्हा तेजाने उभी राहते. नायट्रोजन डायॉक्साइडमध्ये नायट्रोजनचे ५ आणि दोन ऑक्सिजनचे १२, मिळून १७. विषम. कशाही जोड्या लावा, एक ठिपका उरणारच. काचेच्या जाड नळीत बंद केलेला हा वायू मी दर वर्षी वर्गात आणायचो. त्याचा रंग गडद, तांबूस तपकिरी. बर्फाच्या पाण्यात नळी धरली की रंग ओसरू लागतो, आधी विटकरी, मग पिवळसर, मग जेमतेम पिवळा. आत एका रेणूचा एकटा ठिपका दुसऱ्याच्या एकट्या ठिपक्याला भेटत असतो, दोघांचा मिळून एक रेणू होत असतो, आणि त्या जोडलेल्या रेणूला रंग नाही. मुलं फळ्यावरचे १७ ठिपके मोजायची, मग नळीकडे बघायची.

ल्यूइसला नोबेल मिळालं नाही. त्याचं नाव कितीतरी वेळा सुचवलं गेलं होतं. २३ मार्च १९४६ रोजी बर्कलीच्या प्रयोगशाळेत काम करत असतानाच तो गेला.

नळी बर्फातून काढून मी पहिल्या बाकावर द्यायचो आणि एकेकाच्या हातातून ती मागे जायची. तळव्यांच्या उबेने नळीत तपकिरी रंग परत भरत जायचा, आणि शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत आतले कितीतरी ठिपके पुन्हा एकटे झालेले असायचे.